यादीतले सातवे देवरे सर

देवरे सरांसमोर कुणी "दमलो" म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. पाहुण्याने पुन्हा वाढा म्हटल्यावर यजमानाचा खुलतो ना, तसा. पोरगं बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत असायचं, आणि सर तोंडातली शिट्टी काढून प्रेमाने विचारायचे, "दमला का?"

"हो सर."

"बरं झालं. आता नीट खेळशील."

आणि मग खरा सराव सुरू व्हायचा. त्यांचं म्हणणं असं की ताज्या पायांचा माणूस नखरे करतो. पाठीमागून पास देतो, कडेला मुली उभ्या असतील तर उगाच उडी मारतो. पायातला जीव संपला की मगच तो सरळ खेळायला लागतो. सर मूळचे कळवणकडच्या खेड्यातले. एरवी बोलायचे तुमच्याआमच्यासारखंच, पण फार राग आला किंवा फार लाड आला की अहिराणी बाहेर पडायची. "दमेल मानूस खोटं खेयत नही, भो," असं म्हणून ते पाठीवर थाप मारायचे. त्या थापेने उरलासुरला दमही निघून जायचा.

आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. तीन पायऱ्या चढलो तरी दमतो. सरांच्या नियमाने मी एव्हाना नाशिकमधला सगळ्यात खरा माणूस व्हायला हवा होतो. तसं का झालं नाही, हेच सांगायचं आहे.

सरांच्या संघात माझी निवड खेळावर झाली नव्हती, अक्षरावर झाली होती. सरांचं स्वतःचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंग्या सोडल्यासारखं. जिमखान्याच्या फळ्यावर त्यांनी लिहिलेली सूचना वाचून पोरं भलत्याच दिवशी सरावाला यायची. मी फर्स्ट इयरला असताना त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, "मोत्यासारखं अक्षर आहे रे तुझं." झालं. त्या दिवसापासून मी मोत्या. आमच्या आईने हे नाव ऐकलं तेव्हा तिला वाटलं, सरांनी जिमखान्यात कुत्रं पाळलंय.

जर्सींचा संच यायचा चार ते पंधरा नंबरांचा. चार सगळ्यात लहान, पंधरा सगळ्यात मोठी. मला चार मिळाली, आणि तीही सैल व्हायची. पंधरा सोमनाथ भोयेला मिळाली, आणि तीही त्याला आखूड व्हायची. सोमनाथ सुरगाण्याकडचा, डोंगरातल्या पाड्यावरून शिकायला आलेला. होस्टेलमध्ये तो स्टूल न घेता ट्यूबलाइट बदलत होता, ते सरांनी पाहिलं. तोपर्यंत त्याने बास्केटबॉल हा चेंडू फक्त लांबून पाहिला होता. दोन वर्षांत तो असा खेळायला लागला की दुसऱ्या कॉलेजची पोरं सामन्याआधी येऊन विचारायची, "पंधरा नंबर आलाय का आज?"

हे सगळं जुनं झालं. सध्या आम्ही काही माणसं रोज सकाळी कॉलेज रोडमागच्या त्या जुन्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसतो. फिरायला जातो असं घरी सांगून निघतो आणि इथे येऊन बसतो. चहा येतो, गुडघ्यांची चौकशी होते आणि मग वाद सुरू होतो. विषय एकच: नाशिकच्या कॉलेजांना आजवर लाभलेल्या बास्केटबॉल कोचांत पहिला कोण, दुसरा कोण, दहावा कोण. लोक क्रिकेटवरून भांडतात. आम्ही भांडतो ते ज्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नव्हतं अशा माणसांच्या क्रमांकांवरून. वर्षानुवर्षं तेच मुद्दे, त्याच शिव्या, तोच गार झालेला चहा. खरं सांगायचं तर मला आता त्याचा कंटाळा येतो. पण न जावं तर माझ्या मागे यादी बदलतील ही भीती.

वादाचे मुख्य सूत्रधार नाना खैरनार. नानांनी आयुष्यात बॉल हातात घेतला तो फक्त कोर्टाबाहेर आलेला परत फेकायला. पण एकही सामना चुकवला नाही, आणि सगळ्या सामन्यांची टिपणं असलेली एक वही ते अजून बगलेत घेऊन फिरतात. दुसरा इक्बाल, द्वारका चौकाजवळ गॅरेज चालवतो. तो आमच्या विरोधी कॉलेजकडून खेळायचा, कर्णिक सरांच्या हाताखाली.

"कर्णिक सर पहिले. उसमें बातच नको," इक्बाल रोज सुरुवात करायचा.

"मग दुसऱ्यावर तरी भांड," नाना म्हणायचे. "नाहीतर चहा येईपर्यंत करायचं काय?"

दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, पाचव्यावर भांडून झालं की कुणीतरी विचारायचं, "आणि देवरे?" मग सगळे माझ्याकडे बघायचे, कारण मी देवरे सरांचा खेळाडू. मी चहाचा घोट घ्यायचो आणि म्हणायचो, "सातवे."

एकदा नाना म्हणाले, "आठवे कर. फायनलला स्वतःचा पंधरा नंबर बसवतो, तो कसला कोच?"

"नाही हां नाना," इक्बाल म्हणाला. विरोधी संघाचा माणूस, पण त्यालाही राहवलं नाही. "सातवा ठीक आहे. आठवा म्हणजे ज्यादती होते."

मी खाली मान घालून बिस्कीट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. माझी बिस्किटं नेहमी त्याच क्षणी तुटतात.

त्या फायनलची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना, याच कोर्टावर, कर्णिक सरांच्या संघाशी. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे लोक खुर्च्या टाकून बसलेले. सोमनाथ गावाहून येत होता, त्याची जीप घाटात पंक्चर झाली, आणि तो पोहोचेपर्यंत सामना सुरू होऊन चारेक मिनिटं झाली होती. तो पळत आला, कपडे उतरवून जर्सी चढवली, बूट बांधायला लागला. आणि देवरे सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोमनाथ, बस. उशिरा आलास ना? आज बसायचं."

तो बसला. सामना संपेपर्यंत बसला. आम्ही तीन गुणांनी हरलो. निवड करणाऱ्यांनी खुर्च्या मिटल्या. ज्या पोराला बघायला ते आले होते, त्याला त्यांनी बाकावर बसलेला पाहिला. त्या वर्षी आमच्या कॉलेजातून कुणाचीच निवड झाली नाही.

आमच्या खेळात 'बसवणे' यापेक्षा जड शब्द नाही. हरवलं चालतं, पाडलं चालतं, बसवलं चालत नाही. देवरे सरांच्या नावापुढे तो शब्द कायमचा चिकटला. लहरी माणूस. शिस्तीच्या नादात पोराचं आयुष्य बसवलं.

आता न सांगितलेली गोष्ट.

सामन्याआधी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर संघाची यादी द्यावी लागते. नियमाप्रमाणे बारा नावं. सामना सुरू झाला की त्यात एकही नाव वाढत नाही. यादी लिहायचं काम अर्थातच माझं. फायनल म्हणून मी ती मन लावून लिहिली. कागदावर छापलेल्या बारा रेघा होत्या. पहिल्या रेघेवर, मधोमध, लाल शाईने, मी लिहिलं: ॥ श्री ॥. घरात किराणा मालाची यादी केली तरी वर श्री लिहायची सवय. मग दुसऱ्या रेघेपासून नंबरवार नावं. चार नंबर, म्हणजे मी. पाच. सहा. असं करत शेवटच्या रेघेवर चौदा. बारा रेघा भरल्या, म्हणजे बारा नावं झाली. मी कागद लांब धरून बघितला. फार सुंदर दिसत होता. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केली.

सोमनाथ बूट बांधत होता तेव्हा सरांनी मला बदली कळवायला टेबलाकडे पाठवलं. टेबलावरचे गृहस्थ बाहेरगावचे. त्यांनी यादीवर वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "पंधरा नंबर नाही." मी म्हटलं, असं कसं? त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. मी सरांना हाक मारली. सर आले, वाकले, कागद बघितला. लाल शाईतल्या श्रीवर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, पंचेचाळीस किलोचा होतो, आणि मागे आमचे दहा खेळाडू होते, त्यातला प्रत्येक जण मला एका हाताने उचलू शकत होता. सर वळले, बाकापाशी गेले, आणि ते वाक्य म्हणाले.

थोडक्यात, त्या दिवशी आमच्या बारा जणांत साक्षात श्री होते. त्यांनी एकही बास्केट केली नाही.

सामना संपल्यावर सरांनी त्या यादीची कार्बन कॉपी घडी घालून माझ्या हातात दिली. "ठेव," म्हणाले. "अक्षर चांगलं आहे." पुढची सत्तावीस वर्षं त्या विषयावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कॉपी माझ्या कपाटात, पासपोर्टच्या खाली.

सोमनाथला मात्र सरांनी सोडलं नाही. स्वतः अर्ज भरून त्याला शारीरिक शिक्षणाच्या पदवीला घातलं. तो त्याच्याच भागात एका आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक झाला. दर दिवाळीला तो नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पिशवी घेऊन सरांकडे यायचा, पाया पडायचा आणि उभ्या उभ्या निघायचा. एकदा मी त्याला विचारलं, "अरे, बसत का नाहीस जरा?"

तो हसला. "सरांनी येकदा बसिवलं ना," म्हणाला. "आता मी नाय बसत."

आणि मी पायऱ्यांवर येऊन "सातवे" म्हणत राहिलो. पाचवे म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि मग यादीचं सगळं सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी जुन्या खेळाडूंचा मेळावा भरवायचं ठरलं. कोर्टाच्या फाटकावर दहा श्रेष्ठ कोचांचा फ्लेक्स लावायचा, क्रमांकासहित. "मोत्या लिहील," सगळे म्हणाले. आता हाताने कोण लिहितं? मी संगणकावर बसलो. योगायोग असा की पहिले सहाही कोच देवाघरी गेलेले. संगणकात एक सोय असते. वरच्या चौकटीत काही लिहिलं आणि तिचा कोपरा धरून खाली ओढलं की खालच्या चौकटींतही तेच उमटतं. मी पहिल्या नावापुढे 'कै.' लिहिलं आणि ओढलं. एक चौकट जास्त ओढलं.

आयुष्यात दुसऱ्यांदा माझी एक रेघ चुकली, आणि दोन्ही वेळा माणूस तोच.

फ्लेक्स सकाळी लागला आणि नऊ वाजेपर्यंत आमच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एक माजी खेळाडू हार घेऊन थेट सरांच्या घरी पोहोचला. दार सरांनीच उघडलं. तो इतका गडबडला की त्याने हार सरांच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "अभिनंदन!"

दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"कोन, मोत्या का?"

"सर..."

"मी आजून जित्ता शे रे भो."

"सर, चुकून... ते ओढताना..."

"सातवा आहे ना मी?"

"हो सर."

"सातवा तर सातवा. पण ते 'कै.' खोड." त्यांनाही आता बोलताना धाप लागायची. "तुझ्या अक्षरात काहीतरी आहे रे. तू लिहिलंस की माणूस जातो. कधी यादीतून जातो, कधी जगातून."

सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी ती यादी काढली होती. मी तसाच स्कूटर काढून मखमलाबाद रोडला त्यांच्या घरी गेलो.

सर कॉटवर उशीला टेकून बसले होते. शरीर आटलेलं, पण गळ्यात तो झेंडूचा हार अजून होता. "छान वास येतोय, म्हणून ठेवला," म्हणाले. "जिवंतपणी कोण घालतं?" काकूंनी आतून पाणी आणलं. मी भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीत टेकणार, एवढ्यात सर म्हणाले, "तिथं नको. ती सोमनाथची."

"सोमनाथ बसतो?"

"बसत नाही. म्हणून तर."

मी कॉटच्या कडेला टेकलो. मग सगळं बोललो, म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. मी सगळ्यांना सांगतो सर, यादी बदलायला लावतो, फ्लेक्स नवा करतो. सर हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले.

"यादीवाल्यांना कशाला सांगतोस? नानाच्या वहीत मी तिसरा झालो तर मला काय डॉक्टर सोडणार आहे?"

"पण तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?"

"स्वतःला बघितलं होतंस का तू तेव्हा? पोरांनी तुला दोरीवर वाळत घातला असता." त्यांनी गळ्यातला हार सारखा केला. "आणि सही माझी होती. न वाचता केलेली. शिवाय, एवढं सगळं गेलं ते कशामुळं, तर कागदावर एक रेघ कमी पडली म्हणून. हे त्या पोराला कसं सांगायचं? माणसाला राग धरायला समोर माणूस लागतो, मोत्या. रेघेवर किती रागावणार? मी म्हटलं, माझ्यावर धरू दे. मी तसाही ओरडणारा."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नसावं. त्या आत गेल्या.

"मला वाटलं वर्षभर धरेल," सर हळू आवाजात म्हणाले. "त्याने धरूनच ठेवला. दिवाळीला येतो, पीठ देतो, खाली वाकतो, जातो. लई चांगला पोरगा. एकदा या खुर्चीत बसला पाहिजे रे. मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारा मरताना सफाई देतोय. तू सांग."

मी म्हटलं, "दिवाळीच्या आत सांगतो."

आणि मी गेलोसुद्धा. दिंडोरी, वणी करत सुरगाण्याच्या वर, त्याच्या शाळेपर्यंत गाडी घेऊन गेलो. कार्बन कॉपी शर्टाच्या खिशात. सोमनाथला एवढा आनंद झाला की त्याने मला मिठीत घेऊन जमिनीपासून उचललं, आणि खिशातला कागद माझ्या बरगडीत चुरला. त्याने त्याचं कोर्ट दाखवलं. सारवलेली जमीन, सागाच्या खांबाला ठोकलेली रिंग. म्हणाला, "माझा येकच नियम हाय. पोर कितीबी उशिरा येऊ दे, बसिवणार नाय."

त्याच्या बायकोने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग म्हणालो, "बाकी बरं चाललंय ना?" तो म्हणाला, "लय बरं." मी उठलो आणि परत आलो. घाट उतरताना सगळी कबुली शब्दन् शब्द, अगदी रडण्यासकट, मी स्टिअरिंगला सांगितली. स्टिअरिंगने मला माफ केलं.

सरांचा फोन आला. "सांगितलंस?"

"सांगतो सर. योग्य वेळ बघून..."

सर म्हणाले, "अजून दमला नाहीस तू."

त्यांनी फोन ठेवला. तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दिवाळीला अठरा दिवस राहिले असताना एका सकाळी सर गेले. ग्रुपवर बातमी टाकायचं काम माझ्याकडेच आलं. मी 'कै.' लिहिलं. ही दोन अक्षरं आता बरोबर होती, आणि मला ती पाठवता येईनात. शेवटी पाठवली. मिनिटाभरात फोन सुरू झाले. एकानेही हात जोडलेलं चित्र टाकलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न: "खरं का रे? की पुन्हा ओढलंस?" मी तेवीस माणसांना तोंडी खात्री दिली. सर खरंच गेले हे तेवीस वेळा म्हणावं लागलं. इतकं दमायला मला कुठल्याच सरावात झालं नव्हतं.

दहाव्याला सोमनाथ आला. विधी आटोपून आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर आलो. नाना, इक्बाल, सोमनाथ आणि मी. चहा आला. कुणी यादी काढली नाही. सोमनाथ उभाच होता, कठड्याला टेकून. मी खिशातून तो जांभळा पडलेला कागद काढून त्याच्या हातात दिला.

त्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. "श्री... चार... पाच..." बोट खाली खाली येत चौदावर थांबलं. मग त्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"पंधरा?"

"नाही," मी म्हटलं. "मी लिहिलाच नाही. श्रीने एक रेघ खाल्ली. टेबलावर त्यांनी घेतला नाही तुला. सरांनी बसवलं नव्हतं."

"सरांला ठाव व्हतं?"

"तिथंच कळलं."

"आन् तुला?"

"मलाही."

इक्बालने कप पायरीवर ठेवला. "या अल्ला," एवढंच म्हणाला. नानांनी बगलेतली वही काढली, चष्मा लावला. "म्हणजे मग सातवे नाहीत ते," ते म्हणाले. "न वाचता सही केली हे धरलं, तरी चौथे..."

"नाना, वही बंद करा," इक्बाल म्हणाला.

सोमनाथ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, एवढ्या वर्षांनी का होईना. तो म्हणाला, "तू मागल्या महिन्यात घरला आला व्हतास. तवा हे खिशात व्हतं?"

"होतं."

"आन् भाकर खाल्लीस."

"दोन."

त्याने कागदाची जुन्याच घडीवर घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "चल."

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी मखमलाबाद रोडला गेलो. काकूंनी दार उघडलं. कॉट काढली होती. सरांचा फोटो स्टुलावर, समोर दिवा. आणि भिंतीजवळ ती लाकडी खुर्ची, रिकामी. सोमनाथने फोटोला वाकून नमस्कार केला. काकू सवयीने दाराशी थांबल्या, कारण यानंतर तो निघतो.

तो निघाला नाही. खुर्चीपाशी गेला, तिच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, आणि बसला. खुर्ची त्याला लहान होती. गुडघे छातीशी आले. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी सतरंजीवर टेकायला वाकलो.

"तू नाय," सोमनाथ म्हणाला.

मी सरळ झालो. काकूंनी चहा आणला. माझा कप मी उभ्यानेच घेतला. काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना पण बसू द्या."

"नाय काकू. त्याला आज उभा ऱ्हाऊ द्या."

मग तो काकूंशी बोलत बसला. सरांनी त्याचा अर्ज कसा भरला, पहिल्या पगारात त्याने सरांना शिट्टी कशी आणून दिली, ती सरांनी कधी वाजवली नाही; काकू म्हणाल्या, ती अजून डब्यात जपून ठेवलेली आहे. तासभर झाला असेल. माझी कंबर गेली होती, गुडघ्यांतून कळा येत होत्या, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होतो. सोमनाथने माझ्याकडे वर पाहिलं. डोळे लाल होते.

"दमला का?" त्याने विचारलं. आवाज त्याचा, पण सूर थेट सरांचा.

"हो," मी म्हटलं. त्यात काही खोटं नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता नीट सांगशील. काकूंला पहिल्यापासून सांग."

काकू माझ्याकडे बघू लागल्या. मी कप खाली ठेवला, भिंतीचा आधार सोडला आणि उभ्यानेच सुरुवात केली.

"काकू, त्या कागदावर बारा रेघा होत्या..."